फळांच्या साली, धातुदूषित जल आणि क्वाथाचे पाणी : एक अभ्यास

प्रास्ताविक

केळीच्या सालीने पाण्यातील शिसे व तांबे काढून घेता येते, अशा आशयाचे वृत्त २०११ साली अनेक देशांतील वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून ते निरनिराळ्या रूपांत पुनःपुन्हा छापले जाते. रावेर, यावल, चोपडा हा आपला केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. अशा प्रदेशात ‘माठात केळीची साल टाकली तर पाणी शुद्ध होईल का?’ हा प्रश्न वैद्याला विचारला जाणे स्वाभाविक आहे. त्यास ‘होय’ म्हणणे धोक्याचे आहे आणि ‘सर्व थोतांड आहे’ असे म्हणणे असत्य आहे. फळांच्या सालींचा हा गुण खरा आहे, परंतु त्याचे क्षेत्र मर्यादित आहे. ते क्षेत्र कोणते, आपल्या ग्रंथांतील जलशोधनाशी त्याचा संबंध किती आणि औषधनिर्माणासाठी पाणी वापरणाऱ्या वैद्याने त्यातून कोणता बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ग्रंथोक्त जलशोधन

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील द्रवद्रव्यविधी अध्यायात (अ. ४५) गढूळ पाणी निवळविणारी सात द्रव्ये सांगितली आहेत : कतक, गोमेदक, बिसग्रंथी, शैवालमूल, वस्त्र, मुक्ता आणि मणी. यांपैकी कतक, म्हणजे आपली निर्मळी, हे फळाचे बीज होय. ते माठाच्या आतील बाजूस पाण्यासह घासले असता पाण्यात तरंगणारे मातीचे सूक्ष्म कण एकत्र येऊन तळाशी बसतात. त्याच अध्यायात व्यापन्न जलासाठी अग्नीवर उकळणे, सूर्याच्या उन्हात तापविणे, तापविलेला लोखंडाचा गोळा पाण्यात विझविणे इत्यादी उपाय आहेत आणि दुर्गंध दूर करण्यासाठी नागकेशर, चंपक, उत्पल, पाटला यांच्या फुलांचा अधिवास सांगितला आहे.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील दकार्गल अध्यायात विहिरीत टाकावयाचा एक योग आहे. त्यात अंजन, मुस्ता, उशीर, राजकोशातक, आमलक आणि कतकफल ही द्रव्ये येतात. गढूळ, खारट, बेचव वा दुर्गंधी पाणी यामुळे स्वच्छ व सुरस होते, असे त्याचे प्रयोजन सांगितले आहे. आवळा आणि निर्मळी ही दोन फळे जलशोधनात एकत्र आलेली येथे दिसतात.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. वरील सर्व उपाय कलुष आणि व्यापन्न जलाचे आहेत. सविष जलाचा विचार सुश्रुताने कल्पस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात स्वतंत्रपणे केला आहे. ते पाणी बुळबुळीत, उग्रगंधी, फेसाळ व रेषायुक्त होते, त्यातील मासे व बेडूक मरतात, त्यात उतरलेल्यांना वांती, मोह, ज्वर, दाह, शोफ होतात, असे वर्णन आहे. उपायही निराळा आहे. धव, अश्वकर्ण, असन, पारिभद्र, पाटला आदी वृक्ष जाळून त्यांची थंड झालेली राख जलाशयात टाकावी, तसेच घटभर पाण्यात ओंजळभर राख घालून ते शोधून घ्यावे. राख क्षारीय असते. पाण्याचा सामू वाढला की अनेक धातूंची संयुगे अविद्राव्य होऊन तळाशी बसतात, हे आज रसायनशास्त्रामुळे आपणांस ठाऊक आहे. तथापि सुश्रुतास शिसे वा कॅडमियम अभिप्रेत होते असा अर्थ या वचनातून ओढून काढणे योग्य नव्हे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, गढूळ पाणी निवळणे आणि सविष पाणी निर्विष करणे ही दोन भिन्न कर्मे आहेत, हे आचार्यांनी स्पष्ट ओळखले होते.

आजच्या धातुदूषणाची अडचण अशी की, कल्पस्थानात सांगितलेले एकही लक्षण त्यात दिसत नाही. पाण्यात विरघळलेल्या शिशाला रंग नाही, गंध नाही आणि आरोग्यास घातक अशा अल्प प्रमाणात रुचीही नाही. मासेही पोहत असतात. प्रसन्न दिसणारे जल सविष असू शकते.

कदली आणि धातू

रसशास्त्राच्या अभ्यासकास कदलीचा धातूंशी असलेला संबंध नवा नाही. रसरत्नसमुच्चयात सर्व लोहांच्या सामान्य शोधनासाठी तापविलेला धातू कदलीमूलाच्या पाण्यात सात वेळा विझविण्यास सांगितले आहे. या साम्यावरून ‘पाणी शुद्ध करण्याची ही विद्या आपल्याकडे पूर्वीच होती’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. तेथे शुद्ध करावयाचा आहे तो धातू, आणि धातूतील दोष घेऊन टाकून द्यावयाचे आहे ते पाणी. येथे शुद्ध करावयाचे आहे ते पाणी, आणि धातू घेऊन टाकून द्यावयाची आहे ती साल. कर्म उलट आहे. वनस्पतिद्रव्य आणि धातू यांच्यात काही घडते, एवढेच निरीक्षण दोहोंत समान आहे.

साल धातू कसा धरते?

केळी, संत्री, मोसंबी, सफरचंद यांच्या सालींत पेक्टिन, सेल्युलोज व लिग्निन असते. पेक्टिन हे मुख्यतः गॅलॅक्ट्युरोनिक आम्लाच्या साखळ्यांचे बनलेले असून त्यावर कार्बोक्सिल गट असतात. पाण्यात या गटांवर ऋण प्रभार येतो. शिसे, तांबे, कॅडमियम, जस्त यांचे आयन धन प्रभाराचे असतात. ते सालीवरील पोटॅशियम, कॅल्शियम वा हायड्रोजन यांना बाजूस सारून त्यांच्या जागी बसतात. या क्रियेस अधिशोषण म्हणतात. ती मुख्यतः पृष्ठभागावर घडते, म्हणून अखंड सालीपेक्षा वाळवून दळलेल्या चूर्णाने अधिक धातू धरला जातो.

यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, पाणी फार आम्ल असेल तर हायड्रोजनचे आयनच जागा अडवितात आणि धातू पाण्यातच राहतो. म्हणूनच वापरलेल्या चूर्णावरून आम्लाने धातू पुन्हा सोडवून घेता येतो. दुसरी, कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम याच जागांसाठी स्पर्धा करतात. खानदेशातील अनेक विहिरी व कूपनलिकांचे पाणी कठीण आहे, हे भांड्याच्या तळाशी बसणाऱ्या पांढऱ्या पुटावरून प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. ऊर्ध्वपातित पाण्यातील प्रयोगाचा आकडा अशा पाण्यास लागू होत नाही. तिसरी, ऋण प्रभाराचे दूषण साल सहसा धरत नाही. पाण्यातील आर्सेनिक, फ्लोराइड आणि खतांमधून उतरणारे नायट्रेट या वर्गात येतात. षट्संयुजी क्रोमियमही ऋण प्रभाराच्या रूपात असते. ते सालीने कमी होते ते मुख्यतः तीव्र आम्ल पाण्यात, आणि असे पाणी पिण्यायोग्य नसते.

प्रयोगांतील आकडे आणि त्यांचा अर्थ

तैवानमधील अन्नादुराई व सहकाऱ्यांनी २००३ साली केळी व संत्र्याच्या सालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात केळीच्या सालीने धरलेले प्रमाण प्रतिग्रॅम असे होते : शिसे ७.९७, निकेल ६.८८, जस्त ५.८०, तांबे ४.७५ आणि कोबाल्ट २.५५ मिलिग्रॅम. पाकिस्तानातील सिंध विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००८ साली कॅडमियमवर असेच काम केले. त्यानंतर २०११ साली ब्राझीलमधील कास्त्रो व सहकाऱ्यांचा बहुचर्चित निबंध आला. त्यांच्या मोजणीनुसार एक ग्रॅम चूर्ण सुमारे ४१ मिलिग्रॅम शिसे किंवा सुमारे २१ मिलिग्रॅम तांबे धरू शकते, समतोल दहा मिनिटांत साधतो आणि तेच चूर्ण अकरा वेळा वापरता येते.

एकाच सालीचे शिशासाठीचे आकडे ८ आणि ४१ असे पाचपटीने भिन्न यावेत, यात आश्चर्य नाही. सामू, चूर्णाची सूक्ष्मता, धातूची मूळ तीव्रता यांवर ते अवलंबून असतात. अधिक महत्त्वाचे असे की, ब्राझीलच्या अभ्यासकांचा उद्देश घरोघरी पिण्याचे पाणी शुद्ध करणे हा नव्हता. पाराना नदीच्या पाण्यातील अत्यल्प शिसे व तांबे उपकरणाने नीट मोजता यावे यासाठी ते सालीच्या चूर्णावर साठवून वीसपट संहत करणे, हा त्यांचा उद्देश होता. मोजमापाची ही पद्धत वृत्तपत्रांपर्यंत पोहोचेतो जलशुद्धीचा घरगुती उपाय झाली.

आकड्यांचे आणखी एक कोडे समजून घेऊ. समजा, १०० लिटर पाण्यात प्रतिलिटर ०.०५ मिलिग्रॅम शिसे आहे, म्हणजे मानकाच्या पाचपट. एकूण शिसे झाले ५ मिलिग्रॅम. एक ग्रॅम चूर्ण ४१ मिलिग्रॅम धरते म्हटले तर हिशेबाने ०.१२ ग्रॅम, म्हणजे चिमूटभर चूर्ण पुरावे! प्रत्यक्षात तसे घडत नाही. ४१ हा आकडा पाण्यात भरपूर शिसे असताना चूर्ण पूर्ण भरले म्हणजेच मिळतो. पाण्यातील धातू विरळ होत जातो तसतशी चूर्णाची धारणाही घटत जाते आणि एका टप्प्यावर जेवढे आयन चिकटतात तेवढेच सुटतात. पिण्याच्या पाण्याच्या मानकाजवळ हा टप्पा कोठे येईल, हे त्या त्या पाण्याची प्रत्यक्ष तपासणी केल्यावाचून कोणासही सांगता येणार नाही.

अध्यापनासाठी एक प्रात्यक्षिक

महाविद्यालयातील अध्यापकांना हा विषय विद्यार्थ्यांपुढे सहज मांडता येईल. ०.१ ग्रॅम मोरचूद १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावे. त्यात सुमारे २५ मिलिग्रॅम तांबे येते, म्हणजे प्रतिलिटर २५० मिलिग्रॅम. केळीची साल वाळवून, दळून, रंग उतरणे थांबेपर्यंत धुऊन पुन्हा वाळवावी. असे ५ ग्रॅम चूर्ण द्रावणात अर्धा तास ढवळून गाळून घ्यावे. मूळ द्रावण आणि गाळलेले द्रावण समान परीक्षानळ्यांत घेऊन दोहोंत सारखेच अमोनियाचे थेंब टाकावे. तांब्यामुळे येणाऱ्या गडद निळ्या रंगातील फरक डोळ्यांनी पाहता येतो. द्रावणाची चव घेऊ नये आणि उरलेले द्रावण व चूर्ण मोरीत वा कुंडीत टाकू नये.

रंग फिका पडलेला पाहून विद्यार्थी प्रसन्न होतील. त्याच वेळी त्यांना पुढील हिशेब करावयास सांगावा. समजा, ९० टक्के तांबे निघाले, तरी प्रतिलिटर २५ मिलिग्रॅम उरले. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पर्यायी स्रोत नसल्यास सोसता येणारी कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ‘९० टक्के शुद्धी’ झालेले हे पाणी मर्यादेच्या सोळा पटींहून अधिक दूषित आहे. जलशुद्धीत ‘किती टक्के निघाले’ याहून ‘किती उरले’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो. हा एक धडा विद्यार्थ्यांच्या मनात ठसला तरी प्रात्यक्षिकाचे सार्थक झाले.

माठात साल का घालू नये?

१) ओल्या सालीतून शर्करा, टॅनिन व इतर सेंद्रिय द्रव्ये पाण्यात उतरतात. त्यांवर जंतू वाढतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांवर खर्ची पडते व त्यातून अनिष्ट संयुगेही निर्माण होतात. धातूच्या भयाने अतिसार ओढवून घेण्यासारखे हे आहे.

२) सालीवर फवारणीचे अंश असू शकतात. फळे पिकविण्यासाठी कार्बाइडचा वापर कायद्याने निषिद्ध आहे. त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश आढळतात, हे त्याचे एक कारण होय. तरीही तो चोरून होतो. अशी साल पिण्याच्या पाण्यात घालणे म्हणजे एक दोष काढताना दुसरा घालणे.

३) धातू धरलेली साल हे विषद्रव्य आहे. ती गुरांना घातली तर धातू दुधात व मांसात, शेणखतात घातली तर जमिनीत जातो. सालीने धातू नष्ट होत नाही, त्याची केवळ जागा बदलते.

मग सालीचा उपयोग कोठे? जेथे धातूची तीव्रता अधिक आहे, पाणी प्यावयाचे नाही आणि वापरलेले चूर्ण जमा करून शास्त्रोक्त विल्हेवाट लावण्याची सोय आहे, अशा ठिकाणी. मुलामा देणारे कारखाने, धातुकामाचे छोटे उद्योग यांच्या सांडपाण्यावर अंतिम प्रक्रियेपूर्वीची एक स्वस्त पायरी म्हणून तिला स्थान असू शकते. आपल्याकडील बहुतांश केळी रेल्वे व ट्रकने उत्तर भारतात जातात आणि त्यांची साल तिकडेच पडते. साल एकगठ्ठा मिळते ती येथील वेफर्सच्या उद्योगांत. जळगावचे केळी संशोधन केंद्र आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील रसायनशास्त्राचे अभ्यासक यांच्या सहकार्याने हा विषय पुढे नेता येण्यासारखा आहे.

वैद्याचा खरा प्रश्न : आटविलेले पाणी

आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. उकळल्याने जंतू मरतात, धातू मात्र उडून जात नाही. पाणी आटते आणि धातू तेथेच राहतो. ज्वर, आमावस्था, कफविकार यांत आपण उष्णोदक देतो. शार्ङ्गधराने ते अर्धावशेष, चतुर्थांशावशेष वा अष्टमांशावशेष सांगितले आहे. क्वाथासाठी त्याने सोळापट पाणी घालून अष्टमांश उरवावयास सांगितले आहे. पाण्यात शिसे प्रतिलिटर ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे नेमके मानकाच्या मर्यादेवर असेल, तर चतुर्थांशावशेष उष्णोदकात ते ०.०४ आणि अष्टमांशावशेषात ०.०८ मिलिग्रॅम होते. म्हणजे मानकात उत्तीर्ण झालेले पाणी आपल्याच प्रक्रियेने आठपट अनुत्तीर्ण होते. क्वाथातील भरड द्रव्य सालीप्रमाणेच काही धातू धरून चोथ्यात ठेवील हे शक्य आहे. परंतु किती, हे द्रव्यागणिक बदलणार. त्यावर विसंबणे शास्त्रीय ठरणार नाही.

ज्या आचार्यांनी हे प्रमाण सांगितले, त्यांच्यासमोर आंतरिक्ष जल आणि निर्मळ नदीचे जल होते. प्रमाण तेच ठेवावयाचे तर पाणीही त्या योग्यतेचे असले पाहिजे. आयुर्वेदीय औषधांतील धातूंविषयी २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या उत्पादनांचा अहवाल प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ७० पैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. त्यानंतर भारत सरकारने निर्यातीच्या वनस्पतिज औषधांसाठी १ जानेवारी २००६ पासून धातूंची तपासणी अनिवार्य केली. त्या चर्चेत रसौषधींचा व कच्च्या द्रव्यांचा विचार पुष्कळ झाला. क्वाथाच्या पाण्याचाही तितकाच व्हावयास हवा.

आचरणात आणण्याजोगे

१) इतिहासग्रहण. दीर्घकालीन शूल व मलावष्टंभ, कारण न सापडणारा पांडू, मुलांतील बुद्धिमांद्य व चिडचिड, हिरड्यांवरील निळसर रेषा, मनगट लुळे पडणे ही शिशाची, तर तळहात-तळपायांवरील कठीण पुटकुळ्या ही आर्सेनिकची शंका निर्माण करणारी लक्षणे होत. अशा रुग्णास पाण्याचा स्रोत, व्यवसाय आणि घरातील भांडी यांविषयी अवश्य विचारावे. बॅटरीची दुरुस्ती, रंगकाम, शिसेमिश्रित कथिलाची कल्हई, कॅडमियमयुक्त डाग वापरून केलेले सोनारकाम ही कारणे पाण्याहूनही अधिक संभवतात. अल्पवीर्य होऊन देहात वर्षानुवर्षे राहणाऱ्या दूषीविषाची कल्पना येथे विचारास दिशा देते. निदानासाठी मात्र रक्ताची तपासणीच करावी. शिसे प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम वा अधिक आढळल्यास त्याचा स्रोत शोधून तो बंद करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची सूचना आहे. प्रमाण अधिक असल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

२) जलपरीक्षण. जळगाव व धुळे येथे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. नेहमीच्या तपासणीत धातू येतीलच असे नाही, म्हणून शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम यांची मागणी स्पष्ट लिहून करावी आणि तेथे सोय नसल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना पाठवावा. बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी. रात्रभर नळात साठलेल्या पाण्याचा एक आणि पाच मिनिटे पाणी वाहू दिल्यानंतरचा एक, असे दोन नमुने घेतल्यास दोष नळजोडणीत आहे की स्रोतात, हे कळते. औद्योगिक वसाहती व कोळशाच्या राखेची तळी यांजवळील विहिरींना प्राधान्य द्यावे, कारण अशा राखेत अनेक धातूंचे अंश असतात.

३) मर्यादा. भारतीय मानकानुसार प्रतिलिटर मिलिग्रॅममध्ये : शिसे ०.०१, आर्सेनिक ०.०१, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१, क्रोमियम ०.०५. क्वाथासाठी वापरावयाच्या पाण्यात हे प्रमाण मर्यादेच्या अष्टमांशाहून कमी असावे, अशी आमची सूचना आहे.

४) उपाय. धातू आढळल्यास प्रथम स्रोत बदलावा. ते अशक्य असल्यास रिव्हर्स ऑस्मोसिसचे यंत्र वापरावे, त्याची पटले वेळच्या वेळी बदलावी आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची पुन्हा तपासणी करावी. लोखंड, पितळ वा अन्य धातूच्या पत्र्याशी संबंध न आलेले, पहिले एक-दोन पाऊस सोडून धरलेले पावसाचे पाणी क्वाथासाठी उत्तम होय. आपल्या ग्रंथांनी आंतरिक्ष जलास दिलेले श्रेष्ठत्व येथे व्यवहारातही उपयोगी पडते.

उपसंहार

निर्मळी गढूळपणा घालविते, केळीची साल काही धातू धरते, उकळल्याने जंतू मरतात. प्रत्येक उपाय आपल्या क्षेत्रात खरा आहे आणि एकाचे काम दुसरा करीत नाही. निर्मळीने निवळलेल्या किंवा सालीतून गाळलेल्या पाण्यास निर्विष म्हणण्याचा अधिकार परीक्षणानेच प्राप्त होतो. आपापल्या चिकित्सालयात ज्या पाण्याने क्वाथ सिद्ध होतो, त्याचे एक परीक्षण पावसाळ्यापूर्वी आणि एक पावसाळ्यानंतर करून घ्यावे. तालुकावार असे अहवाल एकत्र झाले तर तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या काठच्या पाण्याविषयी आपणांस अनुमानाऐवजी प्रमाणाने बोलता येईल. सभासद वैद्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी पहिला नमुना पाठवावा, ही विनंती.